धावत्या गाडीत दिलेला डबा: ट्रान्सफर रिॲक्शनचा अभ्यास सुरू करताना

जळगाव, धुळे, नंदुरबारकडचा एम.एस्सी.चा विद्यार्थी न्यूक्लियर फिजिक्सकडे वळला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, आपल्याकडे ॲक्सिलरेटर कुठे आहे?" नाही, हे खरं आहे. पण या विषयात पहिले सहा महिने ॲक्सिलरेटर लागत नाही. लॅपटॉप लागतो, इंटरनेट लागतं आणि वही-पेन लागतं. मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळीसला टेकतो आणि दुपारी लाइट जाते, तेव्हा लॅपटॉपही बाजूला ठेवून वहीवरच गणितं करावी लागतात. माझी सुरुवात तशीच झाली. हा लेख त्याच वाटेने येऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. बी.एस्सी.चं क्वांटम मेकॅनिक्स तुम्हाला येतं, एवढं मी धरून चाललो आहे.

आधी प्रश्न नीट समजून घ्या

केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन कवचांमध्ये बसतात. २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६ या 'जादुई' संख्यांना कवच भरतं आणि केंद्रक जास्त घट्ट होतं. याचं स्पष्टीकरण मारिया गोपर्ट मायर आणि हान्स येन्सन यांनी १९४९ मध्ये दिलं आणि त्यासाठी दोघांना १९६३ चं नोबेल मिळालं. पाठ्यपुस्तकं बहुतेक इथेच थांबतात.

गंमत पुढे आहे. या संख्या स्थिर केंद्रकांवरून काढलेल्या आहेत. न्यूट्रॉनांची संख्या वाढवत गेलं की कक्षांचा क्रमच हलतो. मॅग्नेशियम-३२ मध्ये २० न्यूट्रॉन आहेत, म्हणजे ते गोलाकार आणि ताठ असायला हवं. प्रत्यक्षात ते चेंडूसारखं गोल नाही, लांबट आहे. ऑक्सिजन-२४ मध्ये १६ न्यूट्रॉन आहेत, जुन्या यादीत १६ नाही, तरी तिथे कवच बंद झाल्यासारखं वागतं. बेरिलियम-११ चं तर सगळंच उलटं. त्याचा सातवा न्यूट्रॉन पी-कक्षेत बसायला हवा, पण मूळ स्थितीत तो एस-कक्षेत सापडतो आणि अपेक्षित स्थिती ०.३२ एमईव्ही वर जाऊन बसते.

म्हणून आपला प्रश्न साधा आहे: शेवटचा न्यूट्रॉन कोणत्या कक्षेत बसला आहे, आणि ती कक्षा खरोखर किती रिकामी होती? सोन्यासारखी जड मूलद्रव्यं न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत कशी तयार होतात (१७ ऑगस्ट २०१७ रोजी अशी एक टक्कर गुरुत्वलहरी आणि प्रकाश दोन्हींत दिसली), तेही याच उत्तरावर काही अंशी अवलंबून आहे. पण अर्ज लिहिताना सगळेच सोन्याचं नाव घेतात, तुम्ही आधी कक्षेचं बोला.

रिॲक्शन डोळ्यांसमोर आणा

ट्रान्सफर रिॲक्शन म्हणजे टकरीत एका केंद्रकातला कण दुसऱ्यात जाणं. त्यातली सगळ्यात कामाची म्हणजे (डी, पी): ड्यूटेरॉन आत, प्रोटॉन बाहेर. ड्यूटेरॉन म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांची सैल जोडी. तिची बंधनऊर्जा फक्त २.२२५ एमईव्ही. ही जोडी केंद्रकाच्या कडेने जाते, न्यूट्रॉन केंद्रकाकडे राहतो, प्रोटॉन पुढे निघून जातो. तो प्रोटॉन आपण पकडायचा आणि त्याची ऊर्जा व कोन मोजायचा.

भुसावळ स्टेशनवर न थांबणाऱ्या गाडीत कुणी फलाटावरून जेवणाचा डबा देतोय, असं चित्र मी नेहमी सांगतो. डबा दारातल्या माणसाच्या हातात गेला, देणारा हेलकावा खाऊन बाजूला झाला. देणाऱ्याला किती हेलकावा बसला यावरून डबा किती जड होता आणि कुठल्या दारात गेला हे कळू शकतं. हे सगळं साधारण १० चा उणे २२ वा घात इतक्या सेकंदांत, एका झटक्यात उरकतं. म्हणून तिला थेट रिॲक्शन म्हणतात.

दुसरा प्रकार म्हणजे संयुक्त केंद्रक. त्यात ड्यूटेरॉन आत शिरतो, ऊर्जा सगळ्यांत वाटली जाते, आणि मग काहीतरी बाहेर उकळून पडतं. ते म्हणजे आपलं वांग्याचं भरीत. ठेचून झाल्यावर कुठला तुकडा कुठल्या वांग्याचा हे कोणी सांगावं? कक्षेची माहिती भरतातून मिळत नाही, ती डबा देण्यातून मिळते. ऊर्जा कमी असली की भरताचा वाटा वाढतो, हे मात्र लक्षात असू द्या.

पहिला हिशेब: क्यू

क्यू म्हणजे रिॲक्शनमध्ये सुटणारी ऊर्जा; उणा आला तर तेवढी बाहेरून द्यावी लागते. ऑक्सिजन-१६ वर ड्यूटेरॉन मारून ऑक्सिजन-१७ करायचा. अमेरिकेतल्या नॅशनल न्यूक्लियर डेटा सेंटरच्या संकेतस्थळावर वस्तुमानाच्या नोंदी फुकट मिळतात. एमईव्हीमध्ये मास एक्सेस (वस्तुमान आणि वस्तुमानांक यांतला फरक) घ्या: ऑक्सिजन-१६ चा उणे ४.७३७, ड्यूटेरॉनचा १३.१३६, हायड्रोजनचा ७.२८९, ऑक्सिजन-१७ चा उणे ०.८०९. डावीकडची बेरीज वजा उजवीकडची बेरीज, क्यू आला १.९१९ एमईव्ही. ऑक्सिजन-१७ ची पहिली उत्तेजित स्थिती ०.८७१ वर आहे, तिच्यासाठी क्यू तेवढ्याने कमी.

आता एक सोपी युक्ती. (डी, पी) मध्ये क्यू म्हणजे तयार झालेल्या केंद्रकाची न्यूट्रॉन अलग करण्याची ऊर्जा वजा २.२२५. ऑक्सिजन-१७ साठी ती ऊर्जा ४.१४३, उत्तर तेच. टिन-१३३ साठी ती जेमतेम २.४, म्हणून क्यू शून्याच्या थोडाच वर. बेरिलियम-११ साठी ०.५, म्हणून क्यू उणे १.७. म्हणजे जसजसे आपण न्यूट्रॉनसमृद्ध बाजूला जातो तसतसा क्यू घसरत जातो, आणि उणे २.२२५ च्या खाली गेला तर न्यूट्रॉन टिकतच नाही, निसटतो. हे एक वाक्य समजलं की अर्ध्या शोधनिबंधांचे आलेख वाचता येतात. अशी वीस केंद्रकं निवडा आणि हाताने क्यू काढा. संकेतस्थळावर कॅल्क्युलेटर आहे, पण तो नंतर, उत्तर तपासायला.

दुसरा हिशेब: कोन काय सांगतो

न्यूट्रॉन कोणत्या कक्षेत गेला हे प्रोटॉनच्या कोनीय वितरणावरून कळतं. १९५० च्या सुमारास स्टुअर्ट बटलर यांनी हे दाखवलं. कल्पना अगदी शाळेतली आहे: न्यूट्रॉनने नेलेला संवेग गुणिले केंद्रकाची त्रिज्या, म्हणजे त्याने नेलेला कोनीय संवेग, आपला एल. एल शून्य असेल तर प्रोटॉन शून्य अंशाच्या दिशेला सर्वांत जास्त. एल वाढला की शिखर मोठ्या कोनाकडे सरकतं.

वहीवर करून बघा. १२ एमईव्हीचा ड्यूटेरॉन, ऑक्सिजन-१६, त्रिज्या ५ फेर्मी धरा. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या कणांचे तरंगसदिश काढा, त्रिकोण काढा. एल दोनसाठी शिखर ३० अंशांच्या आसपास येतं. ऑक्सिजन-१७ च्या मूळ स्थितीचा एल दोनच आहे आणि पहिल्या उत्तेजित स्थितीचा शून्य, म्हणून हे दोन आलेख शेजारी ठेवले की आंधळ्यालाही फरक दिसेल. या रिॲक्शनची जुनी मोजमापं एक्सफॉर या डेटाबेसमध्ये आहेत, ती उतरवून घ्या.

एक सावधगिरी. कोन एल सांगतो; स्पिन धरून होणारा एकूण कोनीय संवेग, म्हणजे 'जे' (j), सांगत नाही. कॅल्शियम-४८ वर (डी, पी) केली की कॅल्शियम-४९ ची मूळ स्थिती आणि २.०२ एमईव्हीवरची स्थिती या दोन्ही एल एकच्या असतात. एकीचा 'जे' तीन-द्वितीयांश, दुसरीचा एक-द्वितीयांश. दोन्हींचे आलेख जवळपास सारखेच. हा 'जे' ठरवायला ध्रुवित बीम (ज्यातल्या कणांचे स्पिन एका दिशेला वळवलेले असतात) किंवा दुसरी काही माहिती लागते. मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो.

गाडी उलटी फिरते

इथपर्यंत स्थिर केंद्रकं होती, त्यांचं टार्गेट बनवता येतं. टिन-१३२ चं अर्धायुष्य सुमारे ४० सेकंद, लिथियम-११ चं तर ९ मिलिसेकंदांहून कमी. त्याचं टार्गेट कोण बनवणार? म्हणून भूमिका बदलतात. जड किरणोत्सारी केंद्रकाचा बीम करायचा आणि ड्यूटेरॉन टार्गेटमध्ये ठेवायचा. हे टार्गेट म्हणजे बहुधा ड्यूटेरियम घातलेल्या पॉलिथिलीनचा पातळ पापुद्रा. आता केंद्रक ही गाडी आणि ड्यूटेरॉन फलाटावर उभा, आमच्या भुसावळच्या चित्रासारखंच.

इथे मी तोंडघशी पडलो होतो. अशा एका प्रयोगाचा डेटा सरावासाठी मिळाला आणि मी पाहिलं की प्रोटॉन बीमच्या विरुद्ध दिशेला, म्हणजे मागे, जास्त येत आहेत. मी तीन पानी टिपण लिहिलं की ही काहीतरी नवी यंत्रणा असावी. मार्गदर्शकांनी टिपण न वाचताच फळ्यावर गाडी काढली आणि विचारलं, "काय चाली ऱ्हायनं भो? तू गाडीत बसेल की फलाटवर?" मी प्रयोगशाळेतला कोन आणि वस्तुमानकेंद्र चौकटीतला कोन एकच समजून बसलो होतो. उलट्या मांडणीत वस्तुमानकेंद्र चौकटीतले लहान कोन, म्हणजे जिथे सगळी माहिती आहे ते, प्रयोगशाळेत मागच्या बाजूला जातात. त्यामुळे डिटेक्टर टार्गेटच्या मागे, बीम येतो त्या बाजूला लावतात. कोन बदलताना क्रॉस-सेक्शनलाही (रिॲक्शन होण्याच्या शक्यतेचं माप) घनकोनाच्या गुणोत्तराने गुणावं लागतं. ते विसरलं तर आलेखाचा आकारच बिघडतो. लाइज प्लस प्लस हा मोफत प्रोग्राम ही कायनेमॅटिक्स काढून देतो. पण दोन कोन आधी हाताने काढा, नाहीतर माझ्यासारखं होईल.

उलट्या मांडणीची दुसरी अडचण म्हणजे गर्दी. जवळजवळच्या दोन स्थितींचे प्रोटॉन ऊर्जेत एकमेकांना चिकटून येतात, त्यात टार्गेटची जाडी भर घालते. यावर अमेरिकेतल्या अर्गोन प्रयोगशाळेत काढलेला तोडगा मला फार आवडतो. सगळी मांडणी सोलेनॉइड चुंबकात ठेवायची. प्रोटॉन गिरकी घेऊन अक्षावर परत येतो आणि एका गिरकीला लागणारा वेळ त्याच्या ऊर्जेवर अवलंबून नसतो. २ टेस्लाला तो सुमारे ३३ नॅनोसेकंद. वेळेवरून प्रोटॉन ओळखला जातो, तो अक्षावर कुठे आदळला त्यावरून ऊर्जेचा हिशेब सरळ रेषेत येतो आणि स्थिती सुट्या होतात. या यंत्राचं नाव हेलिओस. त्याचा चुंबक एमआरआय मशीनमधून निवृत्त झालेला आहे, आणि सर्नच्या आयसोल्डे या किरणोत्सारी बीमच्या केंद्रात नंतर उभारलेल्या अशाच यंत्राचाही. जुना पंप खोलून नवं काही जुगाड करणाऱ्या आमच्या शेतकऱ्यांना हे पटकन पटेल.

मोजणी: किती दिवस लागतील?

बीमटाइम, म्हणजे ॲक्सिलरेटरवरचा वेळ, मागताना हा हिशेब लागतोच, म्हणून आत्ताच शिका. टार्गेट प्रति चौरस सेंटिमीटर १६० मायक्रोग्रॅम जाडीचं धरा. ड्यूटेरियमवाल्या पॉलिथिलीनच्या एका घटकाचं वस्तुमान १६, त्यात दोन ड्यूटेरॉन. म्हणजे प्रति चौरस सेंटिमीटर १.२ गुणिले १० चा १९ वा घात इतके ड्यूटेरॉन. बीम सेकंदाला एक लाख कण. क्रॉस-सेक्शन १० मिलिबार्न. गुणाकार केला की सेकंदाला ०.०१२ रिॲक्शन, तासाला ४३. डिटेक्टर त्यातले २० टक्के पकडतो असं धरलं तर दिवसाला साधारण २००, आठवड्याला १४००-१५००.

आकडे ऐकायला बरे वाटतात. पण चार स्थिती आणि प्रत्येकीला दहा कोन म्हणजे चाळीस खाने. एका खान्यात ३६ घटना, त्रुटी वर्गमुळाएवढी, सहाची, म्हणजे १७ टक्के. आणि हे सगळं बीम आठवडाभर एकदाही बंद पडला नाही तर! टार्गेटमधल्या कार्बनवरही रिॲक्शन होतात, त्या वजा करायला नुसत्या कार्बनच्या टार्गेटवर वेगळा बीमटाइम घालवावा लागतो. नवखे लोक तो वेळ मागायला हमखास विसरतात.

खरी कसोटी: स्पेक्ट्रोस्कोपिक फॅक्टर

आता ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, ती संख्या. जळगाव-चोपडा एस.टी. डोळ्यांसमोर आणा. खिडकीतून रुमाल टाकून धरलेली जागा लांबून रिकामीच दिसते. केंद्रकातही कक्षा रिकामी दिसते, पण काही अंशी ती आधीच धरलेली असते, किंवा तिची ताकद तीन-चार स्थितींत विभागलेली असते. मोजलेलं क्रॉस-सेक्शन भागिले 'कक्षा पूर्ण रिकामी आणि स्थिती शुद्ध' असं धरून काढलेलं क्रॉस-सेक्शन, हा झाला स्पेक्ट्रोस्कोपिक फॅक्टर. १ आला तर जागा खरोखर मोकळी.

याचं सुंदर उदाहरण म्हणजे टिन-१३२. प्रोटॉन ५०, न्यूट्रॉन ८२, दोन्ही जादुई. ओक रिजच्या होलिफील्ड केंद्रात त्याचा ६३० एमईव्हीचा बीम ड्यूटेरॉनच्या टार्गेटवर सोडला. डोळे विस्फारू नका. फलाट सोडून गाडीच्या नजरेने पाहिलं तर ही म्हणजे ९.५ एमईव्हीच्या ड्यूटेरॉनएवढीच टक्कर. टिन-१३३ च्या मूळ स्थितीसह चार स्थिती दिसल्या, उत्तेजित तीन ०.८५, १.३६ आणि २.०० एमईव्हीच्या आसपास. चारही फॅक्टर त्रुटीच्या मर्यादेत १ च्या जवळ. २०१० मध्ये हे 'नेचर'मध्ये आलं. स्थिर केंद्रकांपासून इतक्या दूर जाऊनही तिथलं कवच पाठ्यपुस्तकासारखं स्वच्छ निघालं.

भागाकारातली खालची संख्या मात्र मोजलेली नसते. ती डीडब्ल्यूबीए (डिस्टॉर्टेड वेव्ह बॉर्न ॲप्रॉक्सिमेशन) नावाच्या गणितातून येते, आणि त्या गणितात तुम्ही काय घालता यावर ठरते. तीन गोष्टी घालाव्या लागतात: ड्यूटेरॉनचा ऑप्टिकल पोटेन्शियल (केंद्रकाजवळून जाणाऱ्या कणावर केंद्रकाचा एकूण परिणाम सांगणारा), प्रोटॉनचा ऑप्टिकल पोटेन्शियल, आणि न्यूट्रॉन बसतो त्या विहिरीचा (पोटेन्शियल वेलचा) आकार. विहिरीची त्रिज्या सहसा १.२५ गुणिले वस्तुमानांकाचं घनमूळ, कडेची जाडी ०.६५ फेर्मी धरतात, आणि खोली अशी जुळवतात की न्यूट्रॉनची अलग करण्याची ऊर्जा बरोबर यावी. १.२५ च्या जागी १.३० घालून बघा. फॅक्टर दहा-वीस टक्क्यांनी सहज हलतो. म्हणून कुणी त्रुटीची मर्यादा पाच टक्के लिहिली की माझी भुवई वर जाते. क्रॉस-सेक्शन मोजलं जातं, स्पेक्ट्रोस्कोपिक फॅक्टर काढला जातो. माझ्या मते नवख्याने या विषयात सगळ्यात आधी हा फरक पक्का करावा. बाकी सगळं सरावाने येतं.

सरावासाठी फ्रेस्को हा मोफत प्रोग्राम घ्या. त्याची इनपुट फाइल सुरुवातीला अमावस्येच्या रात्रीसारखी वाटते, आठवडा द्या. पहिलं गणित कॅल्शियम-४८ चं करा, ऑक्सिजनचं नाही. कारण प्रोटॉनसाठी सगळे वापरतात तो २००३ चा कोनिंग-डेलारोश पोटेन्शियल वस्तुमानांक २४ ते २०९ यासाठीच बसवलेला आहे. तो ऑक्सिजनवर लावला तर प्रोग्राम तक्रार करत नाही, मुकाट्याने उत्तर देतो. प्रोग्रामला मर्यादा माहीत नसतात. ड्यूटेरॉन वाटेत फुटतो ही गोष्ट धरायची तर जॉन्सन आणि सोपर यांची १९७० ची पद्धत वापरा. आज बहुतेक गट तीच वापरतात. दोन्ही पद्धतींनी करा आणि फॅक्टर किती हलतो ते वहीत लिहून ठेवा.

घरबसल्या तपासणीचा एक मार्गही आहे. एखाद्या कक्षेत न्यूट्रॉन घालून मिळालेली ताकद आणि तिच्यातून काढून मिळालेली ताकद यांची योग्य बेरीज 'दोन जे अधिक एक' (2j+1) यायला हवी. मॅकफार्लेन आणि फ्रेंच यांनी १९६० मध्ये मांडलेला हा नियम खतावणीच्या ताळेबंदासारखा आहे: मेळ बसला नाही तर चूक कुठेतरी आहेच.

दोन न्यूट्रॉन, आणि पुढे

एक न्यूट्रॉन पचला की दोनकडे वळा. मॅग्नेशियम-३० च्या बीमसमोर टायटॅनियममध्ये भरलेलं ट्रिटियम ठेवून आयसोल्डेमध्ये (टी, पी), म्हणजे ट्रिटॉन आत आणि प्रोटॉन बाहेर, अशी रिॲक्शन केली गेली आणि मॅग्नेशियम-३२ मधली दुसरी शून्य-अधिक (स्पिन शून्य, पॅरिटी अधिक) स्थिती १.०६ एमईव्हीजवळ सापडली. एकाच केंद्रकात दोन वेगळे आकार शेजारी राहतात याचा तो पुरावा. लिथियम-११ मधले शेवटचे दोन न्यूट्रॉन एकमेकांशी कसे बांधलेले आहेत हे कॅनडाच्या ट्रायम्फमध्ये (पी, टी) करून तपासलं. यांचं गणित अवघड आहे, कारण दोन्ही न्यूट्रॉन एकदम गेले की एकामागून एक, हे दोन्ही धरावं लागतं. पहिल्या वर्षी नुसतं वाचा.

इथून कुठे जायचं

खानदेशच्या मुलांना एक गोष्ट आपसूक मिळाली आहे: भुसावळ जंक्शन. मुंबई, दिल्ली, कोलकाता तिन्हीकडच्या गाड्या इथून आहेत, आणि देशातली आपल्या कामाची यंत्रंही याच तीन ठिकाणी. मुंबईत टीआयएफआरच्या आवारातलं बीएआरसी-टीआयएफआर पेलेट्रॉन, दिल्लीत इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटर, कोलकात्यात व्हीईसीसीचा सायक्लोट्रॉन. दिल्लीचं केंद्र तर विद्यापीठांसाठीच उभारलेलं आहे, म्हणजे आपल्या जळगावच्या विद्यापीठातला किंवा कॉलेजातला संशोधकही मार्गदर्शकाबरोबर तिथे बीमटाइमचा प्रस्ताव देऊ शकतो. ही यंत्रं मुख्यतः स्थिर बीमची आहेत. त्यावरही ऑक्सिजन-१८ सारखा बीम घेऊन दोन न्यूट्रॉन टार्गेटला देता येतात. डिटेक्टर हाताळायला, एनर्जी कॅलिब्रेशन करायला, रात्रीच्या शिफ्टला जागं राहायला शिकण्यासाठी याहून चांगली शाळा नाही. किरणोत्सारी बीमसाठी पुढे सर्नचं आयसोल्डे (भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे), जपानचं रिकेन, अमेरिकेत २०२२ मध्ये सुरू झालेलं एफआरआयबी.

जाण्याआधी पत्र लिहाल तेव्हा "मला न्यूक्लियर फिजिक्सची आवड आहे" एवढंच लिहू नका. असं शंभर जण लिहितात. कॅल्शियम-४९ चे तुम्ही काढलेले दोन आलेख जोडा, कोणते पोटेन्शियल घातले आणि त्रिज्या बदलल्यावर फॅक्टर किती हलला ते दोन ओळींत लिहा. मोठ्या प्रयोगशाळेतला माणूस त्या दोन ओळी वाचूनच पुढचं वाचायचं की नाही ठरवतो. दरवर्षी डिसेंबरच्या सुमारास अणुऊर्जा विभागाचं न्यूक्लियर फिजिक्सवरचं संमेलन भरतं. जमलं तर जा, पोस्टरसमोर उभे राहा आणि प्रत्येकाला एकच विचारा, विहिरीची त्रिज्या किती धरली?